सापाच्या टँकमध्ये रात्री लाल दिवा लावायचा का निळा?

मागच्या नोव्हेंबरात न्यू जर्सीहून चुलत भावाचा फोटो आला. लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला बॉल पायथन या लहान आफ्रिकी अजगराचं पिल्लू आणलंय, काचेचा टँक, आत करवंटीची लपायची जागा, पाण्याचं जड भांडं, सगळं अगदी मन लावून मांडलेलं, आणि अख्खा टँक लालभडक, जुन्या फोटो स्टुडिओतल्या डार्करूमसारखा. खाली लिहिलेलं, "ताई, दुकानात निळा पण होता, मी लाल घेतला, रात्रीसाठी कुठला बरोबर?"

मी लिहिलं, दोन्ही नको. मग लगेच फोन आला आणि आम्ही सव्वा तास बोललो, कारण त्याचे सगळे प्रश्न रास्त होते आणि सहा वर्षांपूर्वी अगदी हेच प्रश्न मला पडले होते. आम्ही शिकागोजवळ राहतो, आमच्याकडे बॉल पायथनची मादी आहे, रंग खारकेसारखा म्हणून मुलाने नाव ठेवलं खारीक, आणि पहिले आठ महिने तिच्या टँकवरसुद्धा रात्रभर लाल बल्ब जळत होता. म्हणून म्हटलं त्या फोनवरचं सगळं एकदा नीट लिहूनच काढू.

त्याआधी भारतातल्या मंडळींसाठी एक गोष्ट. बॉल पायथन हे नाव तिकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा बातम्यांत ऐकलं असेल, डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किट-केकच्या पाकिटांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. भारतातले आपले साप, म्हणजे नाग, धामण, अजगर वगैरे, घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारखे परदेशी प्राणी वन्यप्राण्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या CITES या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यामुळे 2022 च्या दुरुस्तीनंतर त्यांची सरकारकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा हा लेख वाचून कोणी कुठून चोरून साप आणू नका, प्लीज. ज्यांच्याकडे तो कायदेशीर आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक घोळ सोडवू: उजेड वेगळा, ऊब वेगळी

आपलं शरीर जेवणातून स्वतःची उष्णता तयार करतं, सापाचं करत नाही, त्याला ती बाहेरून घ्यावी लागते. गार पडला की अन्न पचत नाही, गिळलेला उंदीर उलटून पडतो, सर्दीसारखा छातीचा आजार होतो. म्हणून टँकची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवतात आणि साप स्वतःच ठरवतो कधी कुठे बसायचं.

आता ऊब द्यायचा सगळ्यात स्वस्त आणि जुना मार्ग म्हणजे बल्ब. गावाकडे कोंबडीची पिल्लं खोक्यात ठेवून वर पिवळा बल्ब सोडतात ना, तेच. तारेचा जुना बल्ब खरं तर दिवा कमी आणि शेगडीच जास्त, त्याला दिलेल्या विजेतली 90 टक्क्यांहून जास्त उष्णता होऊन जाते, उजेड आपला थोडासा. दिवसा हे चांगलंच, कारण सूर्यसुद्धा दोन्ही एकदमच देतो. अडचण रात्री येते, ऊब तर पाहिजे पण उजेड नको. मग बाजाराने काय केलं, तर तोच बल्ब घेतला, काचेला लाल नाहीतर निळा रंग दिला, आणि पाकिटावर चंद्र आणि साप छापून "नाइट बल्ब" म्हणून विकायला ठेवला.

आपण मराठी लोक याला चटकन फसतो कारण आपल्या लहानपणी प्रत्येक घरात झिरोचा बल्ब होता, लाल, हिरवा नाहीतर निळा, आणि तो लागला म्हणजे रात्र झाली. रंगीत दिवा म्हणजे झोपेचा दिवा हे डोक्यात पक्कं बसलंय. पण तो झिरोचा बल्बसुद्धा शून्य वॅटचा कधीच नव्हता, दहा-पंधरा वॅट खायचा, आणि त्या उजेडात आपण उठून माठातलं पाणी पिऊन यायचो. म्हणजे दिसत होतंच की सगळं.

याउलट इस्त्री आठवा. हात भाजेल इतकी तापते पण अंधाऱ्या खोलीत ठेवली तर दिसतसुद्धा नाही. रात्री टँकवर आपल्याला इस्त्री हवीय, बल्ब नको. या लेखाचा सगळा गाभा एवढाच आहे, बाकीचं का आणि कसं ते खाली.

सापाला रात्र कशाला लागते?

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या देशांतून पाळायला सगळ्यात जास्त आलेला. दिवसा हा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो आणि संध्याकाळनंतर बाहेर पडतो. ते देश विषुववृत्ताजवळ, त्यामुळे वर्षभर साधारण बारा तास दिवस, बारा तास रात्र, आणि ती रात्र म्हणजे खरी रात्र, शहरातली नव्हे.

त्यातून सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, कात टाकताना तोही निघतो. आपल्याला उजेड नको झाला तर डोळे मिटतो, पांघरूण ओढतो, उशी डोक्यावर घेतो, त्याला यातलं काही नाही. बाहुली बारीक करता येते, ती उभ्या फटीसारखी होते, पण पूर्ण बंद होत नाही.

आणि हे फक्त डोळ्यापुरतं नाही. मेंदूत एक बारीकशी ग्रंथी असते, पिनियल, ती अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं रसायन सोडते. आपल्यातही असते, सापातही असते. आता रात्र आहे ही खबर हे रसायन सगळ्या शरीराला देतं आणि उजेड पडला की ते दबतं. रात्रपाळीच्या नोकरीत माणसाचं पोट, भूक, मूड सगळं बिघडतं ते आपण घरात बघतो, माझे वडील साखर कारखान्यात पाळीला जायचे तेव्हा पाळी बदलली की चार दिवस जेवणच जायचं नाही त्यांना. साप बोलत नाही, म्हणून त्याचं बिघडलेलं आपल्याला दिसत नाही एवढंच.

माझ्या आईने एकदा सांगलीहून व्हिडिओ कॉलवर खारकेचा टँक बघितला, रात्री अकराला, सगळा लाल. सापाची तिला भीती, जवळ दाखवू नको म्हणाली, पण फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अगं, पण त्या जिवाला अंधार नको का?" खरं सांगते, दुकानातल्या माणसाने, पाकिटाने, इंटरनेटवरच्या लोकांनी जे सांगितलं नाही ते आईने सांगितलं आणि मी त्याच रात्री शोधायला बसले.

पण सापाला लाल दिसतच नाही ना?

हा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि दुकानातही हेच सांगतात. याचं उत्तर थोडं सविस्तर द्यावं लागेल.

डोळ्याच्या पडद्यात उजेड पकडणाऱ्या पेशी असतात दोन प्रकारच्या. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात पण त्यांना रंग कळत नाहीत, आणि शंकूपेशींना रंग कळतात पण भरपूर उजेड लागतो. कोजागरीला गच्चीवर बसल्यावर बघा, समोरच्याचा चेहरा दिसतो, दुधाचा ग्लास दिसतो, पण शेजारणीची साडी हिरवी का जांभळी ते सांगता येत नाही. ते दंडपेशींचं बघणं. बॉल पायथनच्या डोळ्यात दंडपेशींची संख्या प्रचंड जास्त, म्हणजे डोळा मुळातच अंधारासाठी बनलेला.

1999 मध्ये शास्त्रज्ञांनी बॉल पायथनच्या या पेशी एकेक करून तपासल्या. उजेडाचा रंग नॅनोमीटरमध्ये मोजतात, आकडा वाढत गेला की रंग निळ्याकडून हिरव्या-पिवळ्याकडे आणि मग लालकडे जातो. त्यांना दंडपेशी 494 ला सगळ्यात जास्त संवेदनशील सापडल्या, मोठ्या शंकूपेशी 551 ला, आणि काही छोट्या शंकूपेशी 360 ला, म्हणजे चक्क अतिनीलमध्ये, जे आपल्याला दिसतच नाही.

आता लोक म्हणतात लाल सुरू होतो 620 च्या पुढे आणि सापाची पेशी 551 वर थांबली, म्हणजे लाल दिसत नाही. इथेच चूक होते. 551 म्हणजे डोंगराचं शिखर, कडा नव्हे. शिखराच्या दोन्ही बाजूंना लांब उतार असतो आणि उतारावरही पेशी उजेड पकडते, कमी पकडते पण पकडते. आणि आपल्या स्वतःच्या डोळ्यातली जी पेशी आपल्याला लाल दाखवते तिचं शिखर कुठे आहे माहितीये? 560 च्या आसपास. म्हणजे सापाच्या आणि आपल्या पेशीत जेमतेम दहा नॅनोमीटरचा फरक! तुम्हाला तो लाल बल्ब दिसतोय ना, मग त्याला दिसत नाही असं छातीठोकपणे म्हणायला काही आधारच राहत नाही. त्याला तो तांबडा दिसतो का नुसताच उजळ ते सोडा, उजेड आहे हे कळतं, बास. शिवाय रंग दिलेल्या काचेचा बल्ब फक्त शुद्ध लाल सोडत नाही, नारिंगीसुद्धा बराच गळतो.

मला वाटतं हा समज उंदरांवरून आला असावा. प्रयोगशाळांत उंदरांसाठी लाल दिवे वापरतात कारण त्यांना लाल रंग फारच कमी दिसतो. उंदराचं सापाला लावून कसं चालेल?

अजून एक गोंधळ आहे. अजगर जातीच्या बऱ्याच सापांच्या ओठांवर बारीक खळगे असतात, बॉल पायथनलाही आहेत, त्यांना उंदराच्या अंगाची ऊब लांबून कळते. काही जण म्हणतात साप इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या पलीकडचा आपल्याला न दिसणारा उजेड, बघतो मग लाल बल्ब त्याला भगभगीत दिसत असणार. तसंही नाही. ते खळगे उष्णता ओळखतात, तुम्ही डोळे मिटून तव्याच्या दिशेला तोंड केल्यावर गालाला कळतं तसं, फक्त कितीतरी जास्त बारकाईने. लाल उजेड हे डोळ्यांचं खातं, ऊब हे खळग्यांचं. म्हणून उजेड न देणारा हीटर सापाला उबदार ठिपक्यासारखा कळत असेल, पण त्याने त्याची रात्र मोडत नाही.

निळा तर चांदण्यासारखा असतो

रेल्वेच्या स्लीपर डब्यात रात्री निळा दिवा लागतो तो आठवा. वरच्या बर्थवर झोपलेल्याला विचारा तो चांदण्यासारखा वाटतो का. टॉवेल तोंडावर घेऊन झोपतात लोक.

चांदणं निळं असतं हाच मुळात आपल्या डोळ्यांचा भास. चंद्र सूर्याचाच प्रकाश परत पाठवतो आणि तो थोडा पिवळसरच असतो, पण उजेड कमी झाला की आपले डोळे दंडपेशींवर येतात, त्या निळ्या-हिरव्याला जास्त जागतात, म्हणून आपल्याला रात्र निळसर दिसते. चित्रकार आणि सिनेमावाले रात्र निळी दाखवतात ती यामुळेच. बल्ब बनवणाऱ्यांनी तेच उचललं. पण सापाच्या दंडपेशी 494 ला, म्हणजे निळ्या-हिरव्यालाच, सगळ्यात जास्त जाग्या, तेव्हा निळा बल्ब त्यांच्या अगदी मर्मावरच बसतो. दोघांत वाईट कुठला असं कोणी विचारलंच तर मी निळा म्हणेन.

आणि किती उजेड हेही बघायला हवं. उजेड मोजायचं माप म्हणजे लक्स. घरातल्या दिवाणखान्यात रात्री साधारण शंभर-दीडशे लक्स असतात. स्वच्छ आकाशातली पौर्णिमा डोक्यावर असताना पाव लक्सच्या आसपास, बहुतेकदा त्याहून कमी. अमावस्येला नुसत्या ताऱ्यांचा उजेड तर एका लक्सच्या हजाराव्या भागाच्या आसपास. दोन फुटांच्या पेटीत दीड फुटावरून येणारा कुठलाही रंगीत बल्ब पौर्णिमेच्या कितीतरी पट उजळ असतो, आणि पौर्णिमा महिन्यातून एकदा येते, बल्ब रोज रात्री.

पौर्णिमासुद्धा सगळ्या सापांना आवडते असं नाही. 1996 चा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या प्रेअरी रॅटलस्नेकवर, त्यात प्रयोगशाळेत पौर्णिमेएवढा उजेड केला तर मोठे साप हिंडायचे कमी झाले, उघड्यावर येईनात. पिल्लांवर तसा परिणाम दिसला नाही. जात वेगळी आहे हे मान्य, पण पौर्णिमेएवढा उजेडही रात्रीच्या जनावराला मोजून-मापून वागायला लावतो एवढं तरी त्यातून दिसतं.

उजेड नको असेल तर हाइडमध्ये जाऊन बसेल की

हाइड म्हणजे ती लपायची जागा, करवंटी, लाकडाची ढोली, काहीही. हा आक्षेप मला भावाने घेतला आणि वरवर बिनतोड वाटतो. साप खरंच जाऊन बसतो. पण तो दिवसाही तिथेच बसतो, कारण दिवसा त्याची झोपेची वेळ. रात्री बाहेर येऊन पाणी पिणं, फांदीवर चढणं, थंड बाजूला जाणं, जीभ काढत सगळा टँक हुंगणं, हे त्याचं खरं जगणं. रात्री पण उजेड असेल तर बाहेर येण्याची वेळच उरत नाही.

त्यात बल्ब असतो उबदार बाजूवर. म्हणजे ऊब घ्यायची तर उजेडात या, अंधार हवा तर थंड कोपऱ्यात जा. दोन्ही गरजा एकाच वेळी पुऱ्या होऊ नयेत अशीच ती मांडणी झाली. थंडीत आपल्याला कोणी सांगितलं की रजई पाहिजे तर ट्यूबलाइटखाली झोप, तर कसं होईल.

आमच्या खारकेचं सांगते. लाल बल्ब असताना ती आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर दिसायची, आम्हाला वाटायचं बॉल पायथन असतोच लाजाळू, नावच त्यावरून पडलंय, घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो. बल्ब काढल्यावर नवव्या की दहाव्या रात्री पाणी प्यायला उठले होते तेव्हा टँकमधून सळसळ ऐकू आली. मोबाइलचा उजेड हाताआड धरून बघितलं तर ती मागच्या भिंतीला लावलेल्या बुचाच्या सालीवर अर्धी चढलेली, डोकं वर, जीभ बाहेर-आत, बाहेर-आत, अगदी सावकाश. मी श्वास रोखून उभी. त्या आठ महिन्यांत तिला कधी सालीवर चढलेलं बघितलं नव्हतं, आम्ही ती साल काढून टाकायच्या विचारात होतो. एका सापावरून नियम होत नाही हे मला कळतं. पण त्यानंतर मी परत बल्ब लावला नाही.

मग रात्री ऊब द्यायची कशी?

आधी विचारा, द्यायची गरज आहे का? हा प्रश्न सगळे गाळतात. रात्री निसर्गातही गार होतं, सापाला थोडी घट चालते, बरीही वाटते. बॉल पायथनला दिवसा उबदार जागा 31 ते 32 अंश सेल्सिअस लागते, म्हणजे 88 ते 90 फॅरनहाइट, थंड बाजू 25 ते 27. रात्री सगळा टँक 23-24 पर्यंत उतरला तरी निरोगी मोठ्या सापाला काही होत नाही. कॉर्न स्नेक तर अमेरिकेच्या आग्नेय भागातला, त्याला रात्री विशीच्या आसपाससुद्धा चालतं, म्हणजे बहुतेक घरांत त्याला रात्री काहीच लावायची गरज नाही. मुंबईत कोणाकडे नोंदणी केलेला बॉल पायथन असेल तर वर्षातले बहुतेक महिने रात्री सगळं बंद करून टाका, खोलीच पुरेशी उबदार असते. एसी लावून झोपत असाल तर मात्र मोजा.

आमच्याकडे शिकागोला जानेवारीत बाहेर उणे पंधरा, घराचं हीटिंग रात्री 20 वर, त्यामुळे टँकला तीन-चार अंश वरून द्यावेच लागतात. त्यासाठी उजेड न देणाऱ्या वस्तू मिळतात.

पहिली म्हणजे सिरॅमिक हीट एमिटर, आपण नुसतं सिरॅमिक म्हणू. दिसायला बल्बसारखा, होल्डरला फिरवून बसतो, पण काच नाही, पांढरा नाहीतर काळा चिनीमातीचा गोळा. तापतो, चमकत नाही. अगदी आपली इस्त्री. स्वस्त आहे, वर्षानुवर्षं टिकतो. पण दोन गोष्टी जिवापाड सांभाळा. एक, होल्डर चिनीमातीचाच पाहिजे. मी पहिल्यांदा घरात पडलेला प्लास्टिकचा होल्डर वापरला, तासाभरात जळक्या प्लास्टिकचा वास सुटला, काढून बघितलं तर आतली कडा मऊ होऊन वाकलेली. पेटला असता तर रात्री दोन वाजता कोण बघणार होतं? दोन, त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या वर जाऊ शकतो, आणि तो चमकत नसल्यामुळे चालू आहे हे कळत नाही, तेव्हा टँकच्या आत बसवणार असाल तर त्याभोवती जाळीचा पिंजरा हवाच. साप ऊब बघून त्याला वेटोळं घालतो आणि भाजला तरी लवकर सुटत नाही, ते भाजलेलं बरं व्हायला महिने जातात.

सिरॅमिक हवा कोरडी करतं. बॉल पायथनला साठ-सत्तर टक्के आर्द्रता लागते, कमी पडली तर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरचा खवला अडकून बसतो. आम्ही पाण्याचं भांडं मोठं केलं, तळातल्या नारळाच्या भुश्शात कोपऱ्यातून थोडं पाणी ओततो, आणि वरच्या जाळीचा निम्मा भाग, हीटरपासून लांबचा, झाकून ठेवतो.

दुसरी वस्तू डीप हीट प्रोजेक्टर. हाही उजेडाविना ऊब देतो पण त्याची ऊब अंगात जास्त खोल मुरते, हिवाळ्यात उन्हात बसल्यावर लागते तशी. महाग आहे, परवडत असेल तर चांगला. लाकडी किंवा पीव्हीसीच्या मोठ्या पेटीत छताला चपटी हीटिंग पॅनेल लावतात, तीही छान. खालून लावायची हीट मॅट हवा फारशी तापवत नाही, तळ तापवते, आणि वर भुश्शाचा जाड थर असेल तर ऊब अडकून काच खूप तापते, त्यामुळे गार घरात तेवढ्यावर भागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, थर्मोस्टॅट. यातली कुठलीही वस्तू थर्मोस्टॅटशिवाय लावू नका, एक रात्रसुद्धा नाही. इस्त्री ठरावीक तापली की आतून टक् आवाज येतो आणि लाल दिवा विझतो, गार झाली की परत टक्, तेच काम हा डबा करतो, त्याची वायर टँकमध्ये असते आणि तापमान वाचते. सिरॅमिकला साधा चालू-बंद होणारा चालतो, झटके देत वीज सोडणारा पल्स प्रकारचा मिळाला तर तापमान जास्त स्थिर राहतं, डीप हीटला पल्स नाहीतर डिमिंगवालाच, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणाराच, घ्या. वायरचं टोक पक्कं बांधा. साप ते ओढून थंड कोपऱ्यात नेऊन टाकतो, मग थर्मोस्टॅटला वाटतं टँक गार आहे आणि तो हीटर तापवतच राहतो. आणि वेगळा एक थर्मामीटर ठेवा, थर्मोस्टॅटच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका.

आमच्याकडे पाच वर्षं लाल दिवा आहे, साप ठणठणीत

असेल. मी खोटं म्हणत नाही, खारीकही आठ महिने त्यातच होती आणि खात होती. पण बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं सहज जगतो. सेंट लुईच्या प्राणिसंग्रहालयात 1961 पासून असलेल्या एका मादीने 2020 मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय बासष्टच्या आसपास धरलं होतं. तीस वर्षं धरली तरी जवळपास अकरा हजार रात्री होतात. अंधार द्यायला काही खर्च नाही, उलट बल्बचे पैसे वाचतात, मग त्या अकरा हजार रात्री उजेडात का काढायच्या?

उलट बाजूनेही सांगते. साप खात नाही म्हणून लगेच दिव्याला दोष देऊ नका. बॉल पायथन हिवाळ्यात महिनोन् महिने खात नाहीत, ते त्यांचं नेहमीचंच आहे. वजन भराभर उतरत असेल, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, नाकातोंडातून फेस-बुडबुडे दिसत असतील, तर दिव्याचा विचार सोडा आणि सापांचं कळणाऱ्या डॉक्टरकडे जा.

मग आम्ही रात्री बघायचं कधी?

हे भावाच्या लेकीने विचारलं, आणि तिचं खरं आहे, पाळलेला प्राणी दिसलाच नाही तर दहा वर्षांच्या मुलीने करायचं काय. थोडा वेळ बघायला हरकत नाही. कपाळाला लावायची टॉर्च मंद लाल करून, थेट तोंडावर न मारता, पाच मिनिटं बघा आणि बंद करा. लाल दिव्याबद्दल एवढं बोलून परत लाल कसं, तर पाच मिनिटं आणि बारा तास यात फरक आहे. कायमचं बघायचं तर लहान बाळांच्या खोलीत लावतात तसला अंधारात दिसणारा कॅमेरा घ्या. त्यातले 850 नॅनोमीटरवाले जवळून मंद लालसर चमकताना दिसतात, 940 वाल्यांचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही, तेव्हा 940 बघून घ्या. आता ती पोरगी शाळेत जायच्या आधी दूध पिता पिता रात्रीचं रेकॉर्डिंग पळवून बघते.

दिवसाचं थोडक्यात: दिवे टायमरवर, बारा तास चालू, बारा तास बंद. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी, नळी लावली असेल तर तीही दिवसाच, रात्री कधीच नाही. कॉर्न स्नेकवरच्या 2008 च्या अभ्यासात यूव्हीबीने ड जीवनसत्त्व वाढलेलं दिसलं, बॉल पायथनवरच्या 2013 च्या अभ्यासात तसा फरक दिसला नाही, त्यामुळे मी लावते पण मंद, आणि सावलीच्या जागा ठेवून. संध्याकाळी आधी ऊबेचा दिवा आणि अर्ध्या तासाने बाकीचे असं बंद होऊ दे, तिन्हीसांजेसारखं.

शेवटी दिवे मालवून बसा

सगळं झाल्यावर एक काम करा. रात्री घरातले दिवे बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, टँकसमोर खुर्ची घेऊन पंधरा मिनिटं बसा. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. मग टँककडे बघा. सापाच्या अंगावरची नक्षी दिसत असेल तर अजून कुठून तरी उजेड येतोय, रस्त्यावरचा दिवा, पॅसेजमधला झिरो, टीव्ही, राउटर. पडदा लावा, नाहीतर टँकच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद चिकटवा, फक्त हीटरजवळ कापड-कागद आणू नका.

आम्ही असे बसलो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत वाटलं झालं काम, काळाकुट्ट अंधार. दहाव्या मिनिटाला मुलगा म्हणाला आई, पाण्याचं भांडं हिरवं दिसतंय. बघितलं तर थर्मोस्टॅटच्या डब्यावरचे हिरवे आकडे, रात्रभर सरळ काचेतून आत पडत होते, बल्ब काढून दीड महिना झाला तरी आमच्या लक्षात आलं नव्हतं. त्यावर काळ्या चिकटपट्टीचे दोन थर लावले, तापमान बघायचं असेल तर दिवसा पट्टी उचलतो. आता खारीक बाहेर आली हे आम्हाला कळतं ते भुश्शाच्या सळसळीवरून, आणि कधीतरी पाण्याच्या भांड्याच्या कडेला तिचं अंग घासतं त्या आवाजावरून.